काट्यावर ठेवलेली सही

चर्चच्या घंटेची शप्पथ, माझ्या चारही गुडघ्यांची शप्पथ, म्हणजे देवाने दिलेले दोन आणि ते काढून डॉक्टरने बसवलेले दोन, आता सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं.

त्या वर्षी सोडतीत माझा नंबर लागला. नदीपलीकडच्या खोऱ्यात नर एल्क, म्हणजे घोड्याएवढं सांबर, मारायचा परवाना! आमच्या मोंटानात लोक त्याच्यासाठी अर्ज करता करता म्हातारे होतात. मी चौदा वर्षं करत होते. पाकीट देताना पोस्टमनने टोपी काढली. माझं वय शहात्तर. हा हंगाम हुकला तर पुढचा परवाना नव्वदीत, आणि तेव्हा मी एल्कला मारायचं की एल्कने मला, काय सांगावं?

बंदूक होती माझ्या आईची. दुसरी कुठली माझ्या खांद्याला मानवतच नाही. पण तिची काडतुसं कंपन्यांनी बनवायची केव्हाच सोडून दिलेली. तीन गावं पालथी घातली, एक मिळालं नाही. हंगामाला उरले दहा दिवस.

तेवढ्यात माझ्या नणंदेला, आर्लिसला, कपाटात तंबाखूचा एक डबा सापडला. आत एकोणीस काडतुसं. माझ्या नवऱ्याने, हालवोरने, हाताने भरलेली. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि डब्यावरची चिठ्ठी उंदरांनी खाल्लेली.

"मिटला की प्रश्न," आर्लिस म्हणाली. "माझ्या भावाने भरलीयत. टाक खिशात."

आता आमच्याकडे माणूस एक वेळ दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरेल, पण दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालणार नाही. आत काय आणि किती घातलंय, ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

"दुसऱ्याने भरलेलं मी उडवत नाही," मी म्हटलं.

"दुसऱ्याने? अगं, नवरा होता तुझा! एकेचाळीस वर्षं शेजारी झोपलीस त्याच्या!"

"झोपण्यात धोका नव्हता."

आईच्या बंदुकीतून उडालेल्या पितळी पुंगळ्या मी लोणच्याच्या बरणीत जपून ठेवल्या होत्या. त्याच पुन्हा भरायच्या, मी स्वतः भरायच्या, असं ठरवलं आणि आर्लिसला गाडीत घालून मिलो ह्रुस्काच्या दुकानी गेले. मिलो माझ्या शाळेतला. तेव्हाही दिवसाला दहाच शब्द बोलायचा.

दुकानात मधोमध एक यंत्र होतं. पाच खणांचं, निळं, चकचकीत. दांडा ओढला की टप्पकन एक काडतूस खाली. मी ओढत सुटले.

"हेच दे," मी म्हटलं.

"नाही देणार."

"का रे?"

"पाच ठिकाणी एकदम पाच कामं चालतात. पहिल्या दिवशी तू कशाकशाकडे बघशील?"

"सहा नातवंडं एकदम सांभाळलीयत मी."

"नातवंडं फुटत नाहीत, थॉर्डिस."

"तू माझी बघितली नाहीस."

त्याने माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. "पहिली वस्तू ही. वाचून ये, मग पुढचं."

गाडीत बसून वाचायला लागले आणि काय सांगू, जेवायचं भान राहिलं नाही. पुंगळी एकदा उडाली की ती आतून फुगून त्या बंदुकीच्या मापाची होते, माहीत होतं तुम्हाला? म्हणजे बरणीतल्या पुंगळ्या आईच्या बंदुकीने स्वतःच्या मापाने शिवून घेतलेल्या! म्हणून त्यांना साच्यात दाबून परत नीट करायचं, बुडाची ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. एका वेळी एकच काम. मिलोचं म्हणणं पटलं. आत गेले आणि एका दांड्याचा साधा, ओतीव लोखंडाचा प्रेस घेतला, माझ्या बंदुकीचे साचे घेतले, पुंगळ्या उभ्या करायची भोकांची फळी घेतली, एक नरसाळं आणि डोळ्यांवरचे चष्मे घेतले.

"आता काटा," मिलो म्हणाला.

"काटा कशाला? पन्नास वर्षं केक करतेय, माप म्हणून कधी घेतलं नाही. हाताला अंदाज आहे माझ्या."

त्याने काटा पुढे ओढला. कागदाचा एक कपटा काट्यावर ठेवला, दांडी बरोबर आडवी केली, मग कपटा माझ्यापुढे सरकवला आणि जाड पेन्सिल दिली. "सही कर."

मी केली. कपटा परत ठेवला, आणि दांडी झुकली! माझ्या सहीला वजन होतं! मग आर्लिसला राहवेना. तिची सही माझ्यापेक्षा हलकी भरली.

"आडनाव लहान आहे माझं," ती फणकारली.

मग आम्ही पापणीचा केस तोलला, माशीची तंगडी तोलली. आर्लिसने सुस्कारा टाकला तर दांडी तोही मोजायला धावली. मिलोने दुकान बंद करायची पाटी लावली, तेव्हा आम्ही काटा घेऊन निघालो.

घरी प्रेस स्वयंपाकघरातल्या टेबलाला बोल्टने ठोकला. पहिल्यांदा दांडा ओढला, तर पुंगळी जागची हलली नाही, टेबलच उठून माझ्यामागे फ्रीजपर्यंत आलं. म्हणून तो गॅरेजमध्ये, हालवोरच्या मासे साफ करायच्या ओट्यावर हलवला. तो ओटा जमिनीत पुरलेला. तो आला असता तर अख्खं गॅरेज आलं असतं.

तिथे उभी होते आणि डोक्यात किडा वळवळला. काटा आहे, पुस्तक आहे. हालवोरने त्या एकोणिसांत घातलं तरी काय होतं? गोळी उपटायची हातोडी मिलोने भेट दिली होती. तिच्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते आणि दारू हातोडीच्या पोकळीत जमा होते.

पहिलं फोडलं. दारू तोलली. पुस्तकातल्याइतकी, बरोबर.

"बघ!" आर्लिस म्हणाली.

दुसरंही तसंच.

"आता माझ्या भावाची माफी माग. सतरा उरलीयत, चांगली आहेत, उगाच नासू नकोस."

खरं सांगते, मोह झाला. दिवस राहिले होते चार. पण माझा हात मोठा चौकस. तिसरं आपटलं. गोळी पडली, आणि मागून काहीच आलं नाही. हलवलं, ठोकलं, पोकळीत बोट घालून बघितलं. दारूच नव्हती.

आर्लिस खुर्चीवर बसली. तिलाही ठाऊक होतं. असलं काडतूस उडवलं तर टोपीच्या जोराने गोळी नळीत जेमतेम अर्ध्यावर जाऊन रुतते. माणसाला वाटतं, नुसतंच फुसकं निघालं. तो दुसरं घालून उडवतो, आणि मग नळी तोंडापुढे फुटते.

"त्याने कधी चूक केली नाही," ती हळूच म्हणाली.

"मी हाक मारली असेल," मी म्हटलं. "जेवण गार होतंय, खायला ये म्हणून. हातातली पुंगळी खाली ठेवली असेल, आणि परत आल्यावर पुढची घेतली असेल."

मग सगळी फोडली. बाकीची सोळा चांगली निघाली. ती फुकट फोडली म्हणून मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वीस भरली. नियम एकच केला: दारू घालताना कुणी बोलायचं नाही, फोन उचलायचा नाही, हाक मारायची नाही. फळीवरच्या विसाही पुंगळ्यांत टॉर्च मारून बघितल्यावरच गोळ्या बसवल्या. आर्लिस तीन तास तोंडातून अवाक्षर न काढता माझ्या शेजारी बसली. निशाणाच्या कागदावर पाच उडवली. पाचांची भोकं एका डॉलरच्या नाण्याखाली झाकली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी खोऱ्यात एल्क उभा होता. शिंगं इतकी रुंद की एका टोकाला बर्फ पडत होतं आणि दुसऱ्याला ऊन होतं. एकच गोळी झाडली. तो जागच्या जागी बसला. हिवाळाभर आमचा फ्रीजर ओसंडत होता, आणि शिंगांवर अजून आमच्या चर्चच्या पाद्रीबाईंच्या चादरी वाळतात.

आता तुम्ही असे बघताय, तर सांगून टाकते. एक गोष्ट मी पदरची घातली. नाही, शिंगं नाही, शिंगं तशीच होती. आर्लिस तीन तास गप्प बसली नव्हती. तिसऱ्या मिनिटाला तिने तोंड उघडलं, आणि मी तिला अंगणात काढून गॅरेजला आतून कडी लावली.