साकवाखालच्या कुर्ल्या

साल २०१९. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. तो गेल्यावर पावस गावाजवळच्या आमच्या वाडीत देवरूखची शमिका आली. पूल तपासणारी इंजिनीयर. पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव ठेवायचा की पाडायचा, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं.

माझे दीर महिपतभावजी गवंडी. घरं त्यांनी पुष्कळ बांधली, पण साकव हा एकच, १९८४ सालचा. त्याला तडा गेलाय असं कुणी म्हटलं, तर भावजी त्याच्याकडचा चहासुद्धा घेत नसत.

शमिकाने साकवाचे खालून-वरून दोनशे फोटो काढले आणि आमच्या पडवीत बसून लॅपटॉपवर चढवले. तडा दिसला की कॉम्प्युटर त्यावर लाल रेघ मारी. पहिली रेघ त्याने मुंग्यांच्या रांगेवर मारली, तेव्हा भावजींचा चेहरा असा खुलला की मी त्यांना दिवाळीचा उरलेला लाडू दिला. दुसरी मात्र मधल्या बीमवर, हातभर लांब आणि खरी.

शमिका म्हणाली, तडा वर्षाला किती वाढतो ते या प्रोग्रामला सांगावं लागतं. ते ठाऊक नसेल तर तो वाईटात वाईट तेच धरतो. म्हणजे साकव पाडायचाच.

भावजी लाडू हातात धरून बसून राहिले. मला राहवलं नाही.

"भावजी, पाऊस ओसरला की दरवर्षी खिळा घेऊन साकवाखाली कुर्ल्या धरायला जाता. पस्तीस वर्षांत कुर्लीची एक नांगी तरी घरी आणलीत?"

त्यांनी लाडू खाली ठेवला. मग उठले. "चल गो बाय," शमिकाला म्हणाले, "वहिनीने लाज काढलीच आहे."

खाली त्यांनी पंच्याने शेवाळ पुसलं. तड्याच्या टोकाशी खिळ्याने ओढलेल्या बारीक रेघा, प्रत्येकीजवळ साल. सुरुवातीला रेघांत बोटबोट अंतर, पुढे तांदळाएवढं, आणि शेवटची आठ सालं एकाच रेघेपाशी दाटीने लिहिलेली. शमिकाने पट्टीने मोजून सगळं कॉम्प्युटरला भरवलं. उत्तर आलं, तडा थांबला आहे. शमिकाने अहवालात लिहिलं, भरून घ्या, जांभ्या चिऱ्याचे ट्रक सोडू नका, साकव राहू दे.

"आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू तडा आहे का एवढंच विचारलंस. मोजलाय का, असं कुठे विचारलंस?"

साकव आजही उभा आहे. शमिका आता लोट्याच्या एमआयडीसीत असते, कारखान्यांच्या टाक्या तपासते. हाताखालच्या पोरांना म्हणे आधी विचारायला लावते, बांधणारा गवंडी हयात आहे का. महिपतभावजी दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा पाऊस ओसरल्यावर मी काठी टेकत साकवाखाली उतरले. भरलेला तडा जिथल्या तिथे. खिळ्याने साल लिहिलं, आणि येताना दोन कुर्ल्या घेऊन आले.