पदुमीच्या जिभेचा तुकडा

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिलं नसेल, आणि पाहण्याची वेळ तुमच्यावर न येवो. मी मेणाची वडी आहे. काड्यापेटीहून चपटी, पिवळ्या प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली, अंगावर नंबर घातलेली. माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा आहे, आणि तो जिभेचा आहे. तेव्हा माझ्या बोलण्याचं नवल करू नका. गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. मात्र सहा वर्षं एका खणात वाट बघून मी फार दमले आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

मी मूळची पदुमी चेतियाची. आसामात ढकुवाखान्याच्या बाजूला तिचं गाव. तिच्या जिभेच्या डाव्या कडेला मी बावन्न वर्षं सुखानं नांदले. माशाचं आंबट कालवण खाल्लं, शेजारणींशी भांडले, नामघरात, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, बायका जमल्या की देवाचं नाम धरलं. पदुमी पुढे म्हणायची आणि बाकीच्या बायका मागून. आणि दिवसातून वीस वेळा तामूल. ओली सुपारी, पान, चुना. आमच्याकडे पाहुणा आला की तामूल, निघाला की तामूल, लग्नाचं बोलावणं तामूल देऊन, माफी मागायची तर तीही तामूल पुढे ठेवून. समोरच्याचं तामूल परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. तीस वर्षं मी तो चुना सोसला आणि मग बिघडले. दोष तामुलाचा म्हणा, पण बिघडले ती मीच, हे मी नाकारत नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, दाताची कड लागतेय. तीन महिने मध लावून झाला, हळद लावून झाली. शेवटी जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयात मला चिमटीनं खुडून काढलं. मग औषधाच्या पाण्यात बुडवलं, स्पिरिटमध्ये सुकवलं आणि वितळलेल्या मेणात बसवलं. गार झाल्यावर माझे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले, काचेवर चिकटवले, रंगवले. त्या लॅबमध्ये डेका नावाचा माणूस होता. काच उजेडाकडे धरून तो म्हणाला, "वा! काय सुरेख काप आलाय!" माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच. कागदावर मात्र कॅन्सर असं आलं.

कागद घ्यायला पदुमीची मुलगी जोनाली आली. ती गावच्या शाळेत शिक्षिका आहे. डेकानं तिला ताई म्हणत बाजूला घेतलं.

"बाइदेउ, नुसता कागद नेऊ नका. कागद म्हणजे कोणीतरी केलेलं वर्णन. ही वडी म्हणजे खुद्द तुमची आई. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असेल तर हिलाच न्या. तिथे पुन्हा काप काढून बघतील."

जोनालीनं सही करून मला पर्समध्ये ठेवलं. तिथूनच ती सर्जनच्या खोलीत गेली. पदुमी आणि तिचा थोरला भाऊ थानेश्वर तिथे आधीच बसले होते. थानेश्वर शेजारच्या गावचा मुखिया, गावबुढा. पदुमीचा नवरा गेल्यापासून तिच्या घरात शेवटचा शब्द त्याचाच. बहिणीला कुठल्या डॉक्टरच्या हाती द्यायचं, हेही तोच ठरवणार होता.

डॉक्टर फुकन हसतमुख माणूस. पित्ताशय, हर्निया, मूळव्याध, सगळं करायचे. थानेश्वरनं गामोशात, आमच्याकडच्या लाल काठाच्या पंचात, बांधून आणलेलं तामूल त्यांच्यापुढे ठेवलं. डॉक्टरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि त्यातलं एक तिथेच तोंडात टाकलं. थानेश्वरचा चेहरा उजळला.

"छोटीशी गाठ आहे, गावबुढा. काढून टाकू," तामूल गालात सरकवत डॉक्टर म्हणाले. "तीन आठवड्यांवर बिहू आलाय. सण होऊ दे, मग निवांत या."

जोनालीनं विचारलं, "सर, जिभेची अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षात किती करता?"

डॉक्टर हसले. "बाई, तेहतीस वर्षं चाकू चालवतोय. मोजायला सवड कुठे आहे?"

बाहेर आल्यावर थानेश्वर तिच्यावर घसरला. "अगं, डॉक्टरला असं विचारतात? उद्या मठात जाऊन सत्राच्या महाराजांना विचारशील, पोथ्या किती पाठ आहेत म्हणून!"

"विचारीन, मामा. त्यांनी माझ्या आईच्या गळ्याला सुरी लावायची म्हटलं तर नक्की विचारीन."

आकडा शेवटी मिळाला नाही. पण थानेश्वरचं ठरलं होतं. ज्यानं तामूल खाल्लं तो आपला माणूस. जोनालीनं गुवाहाटीला एकदा दाखवून येण्याचा हट्ट धरला, तेव्हा "तुझं समाधान होऊ दे" एवढंच तो म्हणाला.

मला घरात घ्यायला त्याची मनाई होती. रोग आहे तो, उंबरठ्याच्या आत नको, म्हणून मला बिस्किटांच्या डब्यात घालून अंगणातल्या मागाच्या छपरीत बांबूला टांगलं. मला फार लागलं ते. पण पदुमी दिवसभर तिथेच मागावर बसायची. बिहूला द्यायचे गामोसे विणायचे होते. पूर्वी ती विणताना नाम गुणगुणायची, आता जीभ हलवली की कळ यायची, म्हणून नुसता धोटा चालायचा. एका दुपारी तिनं डबा खाली घेतला, उघडला, मला तळहातावर ठेवलं आणि बराच वेळ बघितलं.

"तूच का ती?" ती हळू म्हणाली. "एवढीशी?"

त्यानंतर तिनं मला वर टांगलं नाही. सुताच्या रिळांशेजारी ठेवलं. मित्रांनो, सगळे मला रोग म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण मी तीही होते. हे फक्त तिला कळलं.

गुवाहाटी दिवसभराची बस. पदुमी आणि थानेश्वरही बरोबर होते. मेण वितळेल म्हणून जोनाली मला उन्हाच्या बाजूनं पदर धरून बसली होती. तिथल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात आम्ही रांगेत उभे राहिलो, मग दुसऱ्या रांगेत, मग तिसऱ्या. मला खिडकीतून आत दिलं. पुन्हा कापलं, या वेळी खोलवर. एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी माझा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत सरकवत पाहिला आणि त्या थांबल्या. रोग वरवरचा नव्हता. स्नायूत उतरून तो एका नसेच्या कडेकडेनं पुढे निघाला होता. पहिल्या कापांत ते आलंच नव्हतं. मला माहीत होतं, पण माझं बोलणं ऐकायला मला कापावंच लागतं.

दोन दिवसांनी मी पुन्हा जोनालीच्या पर्समध्ये होते. सर्जन होत्या डॉक्टर रंजिता बसुमतारी. फक्त तोंडाची ऑपरेशनं करणाऱ्या. हसल्या नाहीत. पदुमीच्या जबड्याखाली बोटं फिरवून गाठी चाचपल्या आणि सरळ सांगितलं, "जिभेचा तिसरा हिस्सा जाईल. मानेतल्या गाठी काढाव्या लागतील. हाताची कातडी घेऊन जीभ सांधू. नंतर किरणांचा शेक द्यावा लागेल. बिहूपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात भरती व्हा."

पदुमीनं विचारलं, "नाम म्हणता येईल?"

"मागून म्हणता येईल. पुढे होऊन धरता येईल असं मी सांगणार नाही."

थानेश्वरला वाटलं, बाई कडक आहेत, जरा नरम कराव्यात. त्यानं गामोसा सोडून तामूल पुढे केलं. डॉक्टरांनी एका बोटानं ते परत सारलं.

"हे माझ्या टेबलावर नको. उचला."

असा अपमान थानेश्वरचा उभ्या जन्मात झाला नसेल. तो उठलाच. जोनालीनं मात्र तिचा प्रश्न इथेही विचारला.

"गेल्या वर्षी दोनशे चाळीस," डॉक्टर म्हणाल्या. "आणि किती बिघडली तेही विचारा. नऊ जणांचा सांधा धरला नाही, पुन्हा करावं लागलं. तीन जण गेले."

आम्ही धर्मशाळेच्या खोलीत आलो. तिथे थानेश्वरचा बांध फुटला.

"तामूल परत केलं! बोटानं! अगं, कोर्टात माझ्यावर केस घालणाऱ्यानं कधी माझं तामूल परत केलं नाही. आणि वर सांगते काय, तर तीन मेले! असं बोलतात का आजारी माणसासमोर? फुकन डॉक्टर बघ, किती धीर दिला त्यांनी. आपण बिहू करू आणि त्यांच्याकडेच जाऊ. ठरलं."

"मामा, त्यांनी आकडासुद्धा सांगितला नाही."

"माणूस आकड्यानं कळतो होय?"

पदुमी कुस्करलेला बटाटा-भात पुढ्यात घेऊन बसली होती. घास गिळायला तिला वेळ लागायचा. तिनं ताटली बाजूला ठेवली. बोलताना दुखत होतं, म्हणून ती थोरल्या भावाशी एकेक शब्द मोजून बोलली.

"ककाइदेउ, फुकन डॉक्टरांना माहीत होतं ना, मला हे कशानं झालं?"

"माहीत असणारच."

"माझी जीभ तपासली त्यांनी. आणि लगेच माझ्यासमोर तेच तोंडात टाकलं. मला तेव्हा बरं वाटलं. मान ठेवला वाटलं." ती थांबली. "या बाईंना ते टेबलावरसुद्धा बघवलं नाही. मला त्यांच्याकडे जायचंय. मी मेले तरी तुला बोल लावणार नाही, पण मला ठरवू दे. जीभ माझी आहे."

थानेश्वरच्या गालात तेव्हाही तामूल होतं. तो उठला, बाहेरच्या मोरीत थुंकला, बराच वेळ चुळा भरत राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. "भरती कधी व्हायचं ते विचारून ये," तो जोनालीला म्हणाला. त्यानं तामूल सोडलं असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाला तोच वास होता. मला तो बरोबर कळतो.

भरतीच्या दिवशी थानेश्वरनं डॉक्टरांना नुसता गामोसा दिला, पदुमीनं विणलेला. त्यांनी तो घेतला आणि गळ्यात घातला. मग त्यांनी जोनालीकडून मला मागून घेतलं. पुढचे तुकडे माझ्याशी ताडून बघायचे होते. जोनालीनं मला देताना अंगठ्यानं एकदा पुसलं. पदुमी चाकाच्या खुर्चीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं की नाही, ते मला दिसलं नाही.

चार-पाच दिवसांनी तिथल्या लॅबच्या कपाटात, माझ्या खणात सतरा नव्या वड्या आल्या. सगळ्यांवर पदुमीचाच नंबर. त्यांच्याकडूनच मला कळलं की ऑपरेशन नऊ तास चाललं, की कापलेल्या कडांना रोग उरला नव्हता, की मानेतल्या एकाच गाठीत रोग होता. त्यापुढचं त्यांनाही ठाऊक नाही. तिचा सांधा धरला का, ती काय खाते, नामघरात मागून तरी म्हणते का, आम्हाला सांगणारं इथे कोणी नाही.

मित्रांनो, थकलेल्या जिभेचं एवढं ऐका. घरात कोणावर अशी पाळी आली तर नुसता कागद घेऊन धावू नका. आम्हालाही मागून घ्या, जपून न्या, दुसऱ्या डोळ्यांना दाखवा. सर्जनला बेधडक विचारा, असं काम किती केलंत आणि किती बिघडलं. जो सांगेल त्याच्यावर रागावू नका. आणि ज्याची जीभ आहे, त्याला ठरवू द्या.

खणाचं दार उघडलं की माझा अजून थरकाप होतो. रोग परतला तर आधी इथेच कळतं. तिच्या नंबरची नवी वडी आमच्याशेजारी येऊन बसते. शेजारच्या खणात तसं किती जणांचं झालं, ते मी पाहिलं आहे. सहा वर्षं झाली, आमच्यात अठराच्या पुढे कोणी आलेलं नाही. मी तिची आहे आणि मला तिची फार आठवण येते. तरी रोज एकच मागते, तिची माझी पुन्हा भेट होऊ नये.