सोजरबाईची झडती आणि बेचाळीस बैल

सन चौऱ्याहत्तरात इंझोरीकरांच्या डोक्यात संगीत शिरलं. शिरलं ते असं, की कापसाची रिकामी कोठी झाडून, चुना मारून त्यांनी तिथं 'वऱ्हाड संगीत मानमंदिर' काढलं. कोणाच्या कमाईचं काम नव्हतं. मुलखात जे गायले, वाजवून गेले, त्यांची नावं भिंतीवर रंगवायची, एवढंच. उद्घाटनाला मानोऱ्यापासून कारंज्यापर्यंतचे लोक छकडे जुंपून आले. निंबाखाली बेचाळीस बैल बांधले. खोटं वाटलं तर गावात विचारा. तिथला माणूस चार वाढवूनच सांगेल.

सोजरबाई नवं लुगडं नेसून पहाटेपासून कोठीच्या दाराशी बसली होती. तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, शालिग्रामचं नाव आजच भिंतीवर लागायला हवं होतं, कारण नावं रंगवणारा पेंटर संध्याकाळच्या एस.टी.नं कारंज्याला परत जाणार होता. शालिग्राम म्हणजे झडतीचा राजा. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असतात तेव्हा एकमेकांची खोड काढत ठेक्यात म्हणायची ती झडती. तीस वर्षं त्यानं कोणाला सोडलं नव्हतं.

पण समितीचे अध्यक्ष होते पेटी वाजवणारे रामराव मास्तर.

"वैनी, झडतीले का संगीत म्हणते? राग कोणता तिचा?"

"पोळ्याले तुमीच टाळ्या वाजवत होते ना, भाऊजी."

"ते गंमतीचं झालं. ज्याचं गाणं आयकून माणूस जाग्यावरून उठते, तो गायक."

"मंग म्हणू का एक?"

"बाई कुठं झडती म्हणते?" शेजारी बसलेले माणिकराव हसले.

"तो गावाले आयकवायच्या आंधी कोणाले आयकवत होता? मलेच. अर्ध्या तर म्याच जुळवून देल्ल्या."

एवढं बोलून सोजरबाईनं पदर खोचला, कानावर हात ठेवला आणि थेट शालिग्रामच्या चालीत सूर लावला:

"मास्तरच्या घरात पेटी वाजे,
बैलाच्या गव्हाणीत उंदीर नाचे!"

कोठी खदखदली. मास्तरांचे कान लाल झाले. रंगाच्या भरात सोजरबाईनं शेवटची हाळीही ठोकून दिली, "हर बोला हर हर महादेव!"

घोटाळा झाला तो इथं. पोळ्याला ही हाळी उठली की तोरण तुटतं आणि बैल निघतात, हे वऱ्हाडातल्या वासरालाही ठाऊक. आणि आज कोठीच्या दाराला, खुद्द मास्तरांच्या हुकमानं, आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं.

निंबाखालचे खुंटे मुळ्यासारखे उपटून आले. बेचाळीस बैल आले. पण धुडगूस नाही हो, मानाप्रमाणे आले, ओळीनं, तोरणाखालून मान लववत. कोठी केवढी, बैल केवढे, तरी सगळे मावले. कसे ते विचारू नका. पाहुणे टेबलावर चढले, माणिकराव खिडकीत. सगळ्यांत पुढं मास्तरांचाच ढवळ्या. तो थेट मंचापाशी येऊन मालकासमोर थांबला, कारण तोरण झालं की मालकानं ओवाळायचं आणि घास द्यायचा असतो. रीत म्हणजे रीत. मास्तरांनी पाहुण्यांसाठी आणलेला हार ढवळ्याच्या गळ्यात घातला, पेढ्यांचं ताट पुढं केलं आणि हात जोडले.

"आता?" टेबलावरच्या पाहुण्यांनी विचारलं.

"आता काय," मास्तर म्हणाले, "माणसं उठले ते उठले, जनावरंही उठले. पेंटर, ब्रश घ्या. पहिलंच नाव टाका."

पेंटर दोन शिंगांच्या मधून वाट काढत भिंतीपाशी गेला. सोजरबाई एकेक अक्षर उमटताना पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं, भाऊजी?"

"शालिग्राम, झडतीगायक, इंझोरी."

"अन् जुळवणारी?"

मास्तरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा बेचाळीस बैलांकडं. "पेंटर," ते म्हणाले, "खाली सोजरबाई लिवा. जरा ठसठशीत."

"दोन्ही नावं वाचा आता," ती म्हणाली, "हळू नाई, मोठ्यानं. मांगच्या बैलायले आयकू गेलं पायजे."