एका तारेवर दोन घरं

मित्रांनो, रोम्ब्लोन बेटावरच्या सोलेदादबाईंच्या औषधाच्या दुकानात, सगळ्यात वरच्या फळीवर एक काळा चपटा डबा पडलाय. पाली त्याच्यावर अंडी घालतात. तो डबा म्हणजे मी, एक जुना मोडेम. टेलिफोनच्या तारेतून एका कंप्युटरचं बोलणं दुसऱ्या कंप्युटरपर्यंत पोचवायचं हा माझा धंदा. आज कुणी ढुंकून बघत नाही. पण एके काळी माझ्या पोटातला दिवा लुकलुकला की सगळं दुकान श्वास रोखून बसायचं.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, एका साच्यातून शंभर भावंडं निघाली. मी बोटीतून इथे आलो आणि हिरव्या अक्षरांच्या एका म्हाताऱ्या कंप्युटरला मला जोडलं. दर आठवड्याला औषधांची यादी मी समुद्रापलीकडे बातांगासच्या गोदामाला पाठवायची, संध्याकाळच्या बोटीने माल यायचा. सोलेदादबाई शाळेत दोनच वर्षं गेलेल्या, पण जिभेला धार अशी की कोळीसुद्धा त्यांच्याशी भाव करत नसत. नंबर जोडताना मी किंचाळायचो, ती किंचाळी त्यांना मुळीच खपत नसे. "नेस्टोर, त्या डुकराचं तोंड बंद कर!" म्हणायच्या. त्यांच्या कारकुनाने, नेस्टोरने, माझा आवाज पार बंद करून टाकला. तेव्हापासून मी मुका.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा बेटावर टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षं लागत, म्हणून एका तारेवर दोन घरं असत. आमच्या तारेवर शेजारच्या पेर्पेतुआबाई होत्या. एकाने फोन लावला की दुसऱ्याला बाहेरून फोन येत नसे, आणि त्याने मध्येच उचलला तर पहिल्याचं बोलणं विस्कटे.

एका नोव्हेंबरात वादळाची सूचना आली. उद्यापासून बोटी बंद, किती दिवस ते देव जाणे. नेस्टोरच्या बायकोला, क्लारिताला, सातवा महिना होता आणि साखरेचा आजार. तिच्या इन्शुलिनची एकच बाटली उरली होती, तीही तळाला गेलेली. दुपारी दोनच्या आत यादी गेली तरच संध्याकाळच्या बोटीत माल चढणार. गोदामातली माणसं उचलतात तो नंबर सकाळपासून एंगेज होता. उरलो मी.

नेस्टोरने मला माझ्या सगळ्यात मोठ्या वेगावर ठेवलं. यादी चार मिनिटांत जायला हवी होती. पण वाऱ्याने तारा खरखरत होत्या, चौथी ओळसुद्धा पार होईना. अर्धी यादी गेली की तिकडचा कंप्युटर ती फेकून देई. त्याने वेग निम्मा केला. तुटलं. आणखी कमी केला. तरी तुटलं. घाईत माझ्या पाठीवरचे वेगाचे खटके त्याच्याकडून चुकीचे पडायला लागले.

मला दुसरंही कारण माहीत होतं, मित्रांनो! मी नंबर फिरवला की शेजारची घंटा हलकेच टिंग करायची. टिंग झालं की पेर्पेतुआबाई धावत येऊन फोन उचलायच्या, आणि माझं सगळं विस्कटायचं. त्यांचा मुलगा देल्फिन मालवाहू जहाजावर होता. "हॅलो, देल्फिन? हॅलो?" हा आवाज मी अकरा वेळा ऐकला. सांगणार कसा?

सव्वा वाजला.

"अरे, त्याला झालंय तरी काय?" सोलेदादबाई म्हणाल्या.

"वेग जमत नाहीये, मानांग." मोठ्या बहिणीला म्हणावं तसं नेस्टोर त्यांना मानांग म्हणायचा.

"वेग, वेग! सकाळपासून नुसता चाबूक मारतोयस. बैल अडला तर आधी पायात काटा बघतात. त्याचा आवाज सुरू कर."

"तुम्हीच तर म्हणालात डुकराचं तोंड—"

"म्हणाले होते. आता उघड म्हणते."

नेस्टोरने आवाज वाढवला आणि नंबर फिरवला. मी किंचाळलो, खरखरलो, आणि माझ्या पोटातून स्पष्ट आलं, "हॅलो? बाळा, तू आहेस का?"

सोलेदादबाई उठून खिडकीशी गेल्या. "पेर्पेतुआ! हात लावू नकोस त्या फोनला!"

"का गं? तार काय तुझ्या बापाने ओढली?" समोरच्या खिडकीतून उत्तर आलं. "दुपारपर्यंत फोन करतो म्हणालाय माझा देल्फिन. जहाज बंदरात आहे की बाहेर, एवढं ऐकू दे. मग मर त्या यंत्राबरोबर!"

नेस्टोर पुढे झाला. क्लारिताची बाटली, बोट, सगळं त्याने एका दमात सांगितलं.

"किती वेळ?" पेर्पेतुआबाईंनी विचारलं.

"चार मिनिटं."

"खोटं बोलू नकोस," सोलेदादबाई कडाडल्या. "तिच्याही पोराचाच प्रश्न आहे."

नेस्टोरने मान खाली घातली. "चोवीस. अगदी हळू नेलं तरच जाईल. तोवर तुमचा फोन लागणार नाही."

समोरून फोन खाली ठेवल्याचा खट् आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "लाव."

मला सगळ्यात कमी वेगावर ठेवलं. मी नंबर फिरवला, शेजारी टिंग झालं असणार. मी वाट बघितली. कुणी उचललं नाही. एकेक अक्षर मी हातात धरून नेल्यासारखं नेलं. प्रत्येक मिनिटाला वाटायचं, आत्ता देल्फिन नंबर फिरवत असेल, आत्ता त्याला एंगेज ऐकू येत असेल. तेविसाव्या मिनिटाला तार अशी खरखरली की नेस्टोरने डोळे मिटले. दोनला पाच मिनिटं कमी असताना तिकडून "मिळालं" आलं.

सोलेदादबाई आल्याचा काढा घेऊन शेजारी गेल्या आणि तिथेच बसल्या. तीन वाजले. साडेतीन. चारनंतर कधीतरी शेजारची घंटा वाजली. टिंग नव्हे, पुरी घणघणून. खिडकीतून पेर्पेतुआबाईंचा आवाज आला, "बंदरात? नक्की बंदरात? दोनदा लावलास? हो रे, ठाऊक आहे. मीच लागू दिला नाही."

त्या संध्याकाळच्या बोटीने क्लारिताचं इन्शुलिन आलं. पुढे दोन्ही घरांना वेगळ्या तारा आल्या, माझ्यापेक्षा चपळ यंत्रं आली, मी वरच्या फळीवर गेलो. तक्रार नाही. पण मित्रांनो, एक विनंती आहे. कुणी पुन्हापुन्हा चुकत असेल, मग ते यंत्र असो की घरातलं माणूस, तर त्याला पळवण्याआधी जरा बोलू द्या. आवाज कर्कश लागेल. लागू द्या.