तक्रार नाही

लुइस्टनच्या दवाखान्यात माझी खोली वजनकाट्याच्या मागे आहे. पूर्वी तिथे हातमोज्यांची खोकी ठेवत. एखाद्याचा आजार नुसत्या औषधाने हटायचा नाही, त्यामागे घरमालक आहे किंवा सरकारी कागद आहे, असं डॉक्टरांना वाटलं की ते त्याला माझ्याकडे पाठवतात. मी वकील. पेशंटकडून फी घेत नाही. सहा वर्षं हेच करते आहे, आणि त्या हिवाळ्यात तर पायातले बूट काढायचाही कंटाळा यायचा.

रोझेर पेल्शांना डॉक्टर हॅस्केल स्वतः घेऊन आले. वय सत्तावन्न. बुटांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं सोल चिकटवले, पुढे गोदामात हमाली केली. आता फुप्फुसं निकामी होत चाललेली. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला होता. मी पत्र वाचलं. कारण आमच्याच दवाखान्यातून उचललेलं होतं. चार वर्षांत अकरा वेळा हॅस्केलनी त्यांच्या फायलीत लिहिलं होतं, 'पेशंट बरा आहे. तक्रार नाही.'

मी विचारलं तर हॅस्केल चष्मा पुसत राहिले. म्हणाले, मी विचारतो कसं काय, तो म्हणतो मजेत. एका पेशंटला पंधरा मिनिटं मिळतात, त्यात आणखी काय खोदणार?

आम्ही ठरवलं, की पुन्हा तपासायचं आणि वेगळं विचारायचं. रोझेरची परवानगी घेऊन मी कोपऱ्यात बसले. त्यांची बहीण लॉरेटही आली होती. हॅस्केलनी विचारलं, तीन मजले कसे चढता?

"पायांनी," रोझेर म्हणाले.

लॉरेटला राहवलं नाही. "खोटं बोलतोय हा. शर्ट घालताना मध्येच पलंगावर बसतो. रविवारी चर्चला निघाला आणि दुसऱ्या मजल्यावरूनच माघारी फिरला."

रोझेरनी टोपी घातली. बहिणीला ते फ्रेंचमध्ये म्हणाले, चारचौघांत माझे कपडे उतरवू नकोस. माझ्या आजीची भाषा तीच, त्यामुळे मला कळलं. ते निघून गेले. पुढच्या दोन्ही भेटींना आले नाहीत, आणि फेटाळलेल्या अर्जावरच्या अपिलाची सुनावणी एकोणीस दिवसांवर आली.

मग एका संध्याकाळी, घरी जायचं सोडून, मी त्यांच्याकडे गेले. खालच्या दाराची घंटा बिघडलेली होती. फोन केला तर म्हणाले, थांब, येतो. मी बर्फात उभी. सवयीने घड्याळ पाहिलं. आत जिन्यावर पावलं वाजली, थांबली. खोकला. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा चार-पाच पावलं. 'राहू द्या, उद्या येते' असं ओरडून सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दार उघडलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. ते तिथेच खालच्या पायरीवर बसले. मीही शेजारी टेकले. बोलण्याइतका दम यायला त्यांना वेळ लागला.

"माझा बाप शेवटची नऊ वर्षं खुर्चीत होता," ते म्हणाले. "आम्ही पोरं त्याला खुर्चीच म्हणायचो. खुर्ची जेवली का, खुर्ची झोपली का. त्याला ऐकू जायचं."

मी बुटांवरचा बर्फ झटकला.

"किती वेळ लागला मला?"

"चौदा मिनिटं."

"मला वाटलं पाच-सहा."

"हे मी न्यायाधीशांना सांगू शकत नाही, पेल्शासाहेब. मी तुमची वकील, साक्षीदार नव्हे. तुम्हीच सांगायला हवं. आधी डॉक्टरांना."

"तू फार चिवट आहेस, पोरी," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ते दवाखान्यात आले. एकटेच. नर्सने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवलं. दुसऱ्या फेरीला ऑक्सिजन इतका उतरला की तिनेच त्यांना धरून बसवलं. हॅस्केलनी पंधरा मिनिटांचा हिशेब सोडला आणि जेवणाच्या सुट्टीत दोन पानं लिहिली. आधीच्या अकरा नोंदी आपल्याकडून अपुऱ्या झाल्या, हेही लिहिलं.

सुनावणीत रोझेर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, दिवसभरात काय काय करता? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"पत्रपेटीपर्यंत उतरतो," ते म्हणाले. "मग वर जायची हिंमत येईपर्यंत खालीच बसतो. कुणी आलं की बूट बांधतोय असं दाखवतो."

निकाल मार्चमध्ये आला. अर्ज मंजूर. मी त्यांना बोलावून पत्र हातात दिलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी ते सावकाश वाचलं, आणि 'कोणतेही काम करण्यास असमर्थ' या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कायमचं का? मी म्हटलं, काही वर्षांनी पुन्हा तपासतात. त्यांनी मान हलवली. खालच्या मजल्यावरची खोली आता परवडेल का, हे विचारलं. परवडेल, मी म्हटलं. लॉरेटला एवढ्यात सांगू नको, म्हणाले, ती चर्चभर करेल.

बाहेर घर रिकामं करण्याची नोटीस घेऊन एक बाई दोन मुलांसह बसली होती. नर्स दोनदा डोकावून गेली. रोझेर उठले, भिंतीला हात लावून थांबले, मग निघाले. ते वजनकाट्याच्या पलीकडे जाईपर्यंत मी त्या बाईला हाक मारली नाही.