कमळाबाईंचा कोबा

बारा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली बाथरूमं बांधल्यावर यादव मिस्तरीने नव्व्याण्णव साली पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम घेतलं, ते मखमलाबादच्या कमळाबाईंच्या घरी. वरच्या बाथरूमचं पाणी खाली नेमकं देवघरात झिरपायचं. कमळाबाईंनी देव स्वयंपाकघरात हलवले आणि यादवला बजावलं, "पुन्हा थेंब गळला ना यादवभाऊ, तर आख्ख्या गल्लीला सांगीन." गल्लीतली तीन घरं याच कामाकडे डोळे लावून बसली होती.

यादवने जुनी फरशी उखडून नवा कोबा घातला. तो सुकल्यावर पाणी जायच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबून चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर कोळशाने रेघ मारली. दोन दिवस पाणी रेघेवर टिकलं, की वर टाइल्स बसवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बोटभर खाली होतं.

यादवने धावत देवघरात जाऊन पाहिलं, तर छत कोरडं ठणठणीत. त्यामुळे तो उलट जास्तच घाबरला. खाली गळत नाही म्हणजे पाणी भिंतीत मुरतंय, आणि ते पावसाळ्यात कुठूनतरी बाहेर येणारच. त्याने बोळा पुन्हा घट्ट बसवला, रेघेपर्यंत पाणी भरलं. कमळाबाईंनी "कसं काय?" विचारलं तेव्हा "झकास" म्हणाला. खोटं बोलला बिचारा, आणि घरी जाऊन त्याला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर खाली.

आता त्याला धीर निघेना. कुणाला कळायच्या आत निस्तरावं म्हणून त्याने सगळं पाणी सोडून दिलं आणि छिन्नी घेऊन कोपऱ्यातला कोबा फोडायला बसला. हातभर फोडला, आत कोरडं. दुसरा कोपरा फोडला, तोही कोरडा. घामाने सदरा भिजला, पण ओल काही सापडेना.

ठोकाठोकी ऐकून कमळाबाई वर आल्या.

"अवो, सगळं पाणी सोडून दिलं? मला हाक मारायची ना. दोन दिवस झाले, मी पहाटे चार-चार बादल्या काढून झेंडूला घालते. कोबा भिजण्यापुरतं ठेवलं म्हणजे झालं. बाकीचं वाया कशाला घालवायचं?"

यादवने छिन्नी खाली ठेवली. काल हिला खरं सांगितलं असतं, तर छिन्नी पिशवीतून निघालीच नसती. त्याला स्वतःचीच लय लाज वाटली.

"पण हे फोडलं कशाला?" कमळाबाईंनी विचारलं. "बिघडलं होतं का?"

"नाय मावशी," यादव म्हणाला. "चांगलं होतं."