ताम्रगुरूंची गार ताटली

समोरच्या गाळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. कालपर्यंत चार्जर विकणारा माणूस आता ताम्रगुरू झाला होता. तांब्याच्या ताटलीवर मोबाईल ठेवून तो 'शुद्ध' करायचा. तापलेला, अडखळणारा मोबाईल दहा मिनिटांत गार व्हायचा आणि पळू लागायचा. रस्त्याच्या अलीकडे मोबाईल दुरुस्त करणारे अण्णा रिकाम्या बाकावर बसून रांग मोजायचे. मनातल्या मनात जळायचे.

एके दिवशी रांगेत त्यांना स्वतःची लेक दिसली. हातात तिच्या आईचा मोबाईल. आई जाऊन पाच महिने झाले होते. भाजी आणा, छत्री विसरलात, असे तिच्या आवाजातले निरोप त्या एकाच मोबाईलमध्ये उरले होते आणि हल्ली ते अडखळत वाजायचे. बघून देतो, असं अण्णा तीनदा म्हणाले होते; पण हात लावायला त्यांचा जीव धजला नव्हता.

गुरूंनी रीतीप्रमाणे आधी 'रोग' दाखवला. व्हिडिओ कॉल, नकाशा आणि गाड्यांच्या शर्यतीचा खेळ एकदम सुरू केले. मोबाईल तापून अडखळला. मग सगळं बंद करून तो ताटलीवर ठेवला. ऊर्जा उतरतेय, ऊर्जा चढतेय, असं पुटपुटून झालं. शेवटी कॅल्क्युलेटर उघडला. बोट टेकताच आकडे उमटले. लोकांनी हात जोडले.

"आता आतला जुना भार पुसला की शुद्धी कायमची," गुरू म्हणाले. बोट सगळं पुसायच्या बटणाकडे निघालं.

"हात काढ." अण्णा दारात उभे होते.

"अण्णांना जळायची सवयच आहे," गुरू गर्दीकडे पाहून म्हणाले. लोक हसले.

"जळतो. तुझी रांग बघून रोज जळतो. पण मी जळतो म्हणून तुझी ताटली खरी होत नाही. मघाचाच खेळ, नकाशा आणि कॉल पुन्हा लाव."

गुरूंना एकदम खोकला आला. लेकीनेच ते लावलं. पाच मिनिटांत 'शुद्ध' मोबाईल पुन्हा अडखळला. अण्णांनी सगळं बंद करून तो पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर, स्टीलच्या झाकणावर ठेवला. दहा मिनिटांनी तो गार झाला. कॅल्क्युलेटर पळाला. मंत्र कोणीच म्हटला नव्हता.

मग अण्णांनी सांगितलं. मोबाईलच्या प्रोसेसरमध्ये दोन तऱ्हेचे गडी असतात, दांडगे आणि काटक. खेळ, व्हिडिओ अशी जड कामं दांडगे ओढतात आणि तापतात; फार तापले की मोबाईलच त्यांचा वेग कमी करतो. बेरीज-वजाबाकी काटक गडी सहज उरकतात. थंड धातू उष्णता ओढून घेतो, मग ती तांब्याची ताटली असो की पिंपाचं झाकण. "यानं आधी डोंगर चढायला लावलं आणि नंतर खुर्चीत बसवून दाखवलं. चमत्कार दिसला की एवढंच विचारा, आधी दिलेलं काम नंतरही दिलं का?"

"मग आईचे निरोप का अडखळतात?" लेकीने विचारलं.

अण्णांनी मोबाईल पहिल्यांदा नीट तपासला. मागे एक ॲप अखंड चालू होतं आणि मोबाईलला दमवत होतं. आई दवाखान्यात एकटी जायची तेव्हा ती कुठवर पोचली हे कळावं, म्हणून त्यांनीच ते लावलं होतं. ते अजून तिला शोधत होतं.

त्यांनी ते बंद केलं आणि निरोप लावला.

"छत्री विसरलात," ती एका दमात म्हणाली.